तानाक्काच्या पोटातल्या सवाष्णी

तानाक्का माझी थोरली जाऊ. फुलेवाडीत आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून हायत, तवा तिचा ढेकर मला माझ्या गॅसपाशी ऐकू येतो. हसू नका. ह्या ढेकरावर आमच्या घरात जेवढा खल झालाय तेवढा जमिनीच्या वाटणीवर झाला न्हवता. माझं नाव राजनंदिनी, खरं सगळी नंदाच म्हणत्यात. आणि व्हय, मी बाईमाणूसच हाय. आमच्याकडं बायकाबी ‘आलो, गेलो’च म्हणत्यात, आणि ‘पण’ला ‘खरं’; लांबच्या पावण्यांनी दचकू नये.

तानाक्काचं माहेर शाहूवाडीच्या अंगाचं, डोंगरातलं. भातावर वाढलेली, अंगानं काडी, आणि तोंड मात्र असं की दूध कमी मापणाऱ्याची खैर न्हाय. दारात दोन म्हशी. पहाटे शेणघाण, धारा, मग विजयसिंह भावजी, म्हंजे तिचं मालक, किटल्या सायकलला अडकवून गंगावेशीत दूध कट्ट्यावर विकायला जायचं. ही मागं वैरण तोडत बसायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची. पोरगी एक, ती गारगोटीला दिलेली.

खरं आळीत तिची वळख म्हशींमुळं न्हाय. तानाक्का नवमीची सवाष्ण.

म्हाळाच्या, म्हंजे पितरांच्या, पंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा त्यो दिवस. तिच्या नावानं एका जित्या सवाष्णीला पाटावर बसवायचं, पाय धुवायचं, ओटी भरायची, आणि मेलेलीला जे आवडायचं ते रांधून हिला पोटभर घालायचं. घास हिनं खायचा, पोचायचा तिला. पूर्वी ह्या जेवणाला बायका हौसेनं जायच्या. आता कोण येतंय? एकीची शुगर, एकीचं डायट, आणि बाकीच्यांना सरळ भ्या वाटतं. मेलेलीच्या जागी बसायचं म्हंजे काय गंमत हाय व्हय? मग सगळी तानाक्काकडं. एका नवमीला तीन-तीन घरं जेवायची ती. मी संगं पिशवी घेऊन; ओटीचं नारळ काय थोडं असत्यात?

ह्या जेवणाचं आमच्याकडं दोन दंडक. ताटात काय ठेवायचं न्हाय, हा एक. आणि दुसरा जालीम. जेवून उठल्यावर दिवस मावळस्तवर सवाष्णीनं औषध घ्यायचं न्हाय. ओवासुद्धा न्हाय. पोटातला घास मेलेलीचा. त्यो औषधानं जिरवला न्हायतर उलटून पडला, तर ती बाई वरीसभर उपाशी हिंडते म्हणं. आमच्या सासूनं हे तानाक्काच्या कानात एवढं भरलंतं की दुपारभर ही पोट धरून लोळायची, खरं पाण्याच्या घोटाशिवाय काय घ्यायची न्हाय. दिवस मावळला की मग औषधांची जत्रा.

म्हणून म्हणतो, अजीर्णाचं मला इचारा. मी तिच्यावर सगळं करून बघिटलंय.

ओवा तव्यावर भाजायचा, मीठ घालून चघळायचा. खर्च न्हाई म्हटलं तरी चालंल. ढेकर येतो, माणूस खूश होतं, घटकाभरानं पुन्यांदा तेच. मग लिंबात खायचा सोडा. फसफसतंय झकास. मेडिकलातली फसफसणारी दहाची पुडी म्हंजे त्येचीच शिकलेली भैन. चवीशिवाय मला तर काय फरक कळला न्हाय. रोज घेतलं तर बीपी वाढतंय म्हणून डॉक्टरीणबाई आमच्यावर ओरडल्याबी. मग ती गुलाबी औषधाची बाटली, शंभराच्या वर. चुन्यागत लागते. आग झट्‌दिशी विझते, आणि झट्‌दिशी परत पेटते. एका वैद्यानं काढा दिला, तीन महिन्याचा. सगळ्यांत कडू आणि सगळ्यांत म्हाग, आणि वर पथ्य. पथ्यानं बरं वाटलं का काढ्यानं, ते देवाला ठावं.

खरा गुण आला त्यो डॉक्टरीणबाईंच्या गोळीनं. सकाळी उपाशीपोटी एक. साध्या मेडिकलात पाकिटाला दीडशेच्या घरात घेत्यात, आणि सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानात तीच गोळी पंचवीस-तीसला. नाव वायलं, माल त्योच. हे कळल्यावर मी त्या मेडिकलवाल्याशी जे भांडलोय! आणि त्याच डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांत स्वस्त इलाज सांगितलाता: चार घास कमी खा, रात्री लवकर जेवा, जेवल्याजेवल्या आडवं होऊ नका. त्येला दमडी पडत न्हाई म्हणून आमच्यात त्यो कुणी केलाच न्हाय. लिंबू उतरून तीन रस्त्यांच्या तिकटीवर टाकायचं मात्र दर अमावस्येला. त्येनं उतरणाऱ्याला बरं वाटतं.

असं सगळं हसण्यावारी न्यायचो मी. खरं नवमीची दुपार काय मला हसू द्यायची न्हाय.

तानाक्का जेवायला बसली की वायलीच दिसायची. कडाकडा बोलणारी बाई एकदम गप. डोळं अर्धं मिटलेलं. एकदा एका घरी भाताबरोबर वाटीत ताक वाढलं, तर हिनं हात आडवा केला आणि म्हणाली, “ह्या वाटीत न्हवं, कान तुटलेल्या वाटीत.” घरचा म्हातारा उठला, फळीवरच्या डब्यामागनं कान तुटलेली पितळी वाटी काढली आणि रडाय लागला. बायको गेल्यापासनं ती वाटी कुणी खाली काढली न्हवती. वाटेत मी इचारलं, “आक्का, तुला कसं कळलं गं?” तर म्हणती, “काय वाटी?”

आणि दुपारी घरी येऊन आडवी झाली, की पोटावर हात फिरवत पुटपुटायची. मला वाटायचं देवाचं नाव घेत असंल. एकदा पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेलो, तर कानावर आलं, “गप बसा गं बायांनो. एकीनं एकीनं बोला. ढकलाढकली करू नका.” तांब्या तिथंच ठेवून मी बाहेर पळालो. पुढं त्याचीबी सवय झाली. दिवस मावळला की एकेक ढेकर यायचा आणि ही सांगायची, “वरच्या आळीतली गेली. त्या मास्तरांची बाईबी निवली.” मग गोळी घ्यायची आणि म्हशीखाली बसायची.

ह्या वर्षीच्या नवमीला सकाळीच बिनसलं.

भिंतीपलीकडनं मला दोघांचं बोलणं ऐकू आलं. तिचं काय ते कळलं न्हाय, हळू बोलत होती. भावजींचं मात्र चांगलं मोठ्यानं, “काय न्हाय हुईत, ओवा खा. मी कट्ट्यावनं येतो जाऊन.” सायकल गेली. मी जाऊन बघतो तर तानाक्का उंबऱ्यावर बसलेली, तोंड पांढरं, ओव्याची मूठ तशीच हातात.

“आज एक जण आधीच येऊन बसलीया,” ती म्हणाली आणि छातीच्या मधोमध बोट ठेवलं. “हिथं. खाली उतरंना.”

“अगं, अजून पोटात घास न्हाय तुझ्या, अजीर्ण कशाचं झालं?” मी म्हणालो. त्या बोटाची मला भीती वाटली. पोट तिथं नसतंय, एवढं मलाबी कळतंय. “आक्का, आजचं राहू दे. डॉक्टरीणबाईंकडं जाऊ या.”

“हे म्हणालं ओवा खा. आता सांगून ठेवलंय लोकांनी. रांधून बसल्यात. कुणाला उपाशी ठिवू?”

पहिली दोन घरं कशीबशी झाली. तिनं खाल्लं सगळं, खरं घास गिळताना डोळं मिटायची. तिसरं घर रंकाळ्यापलीकडं, दुसऱ्या मजल्यावर. तिथली सून प्रियदर्शनी ऐन चाळिशीत गेलीती, वरीसबी झालं न्हवतं, ही तिची पहिलीच नवमी. काय झालं म्हणून इचारलं तर सासू धोंडुबाई सगळ्यांना सांगायच्या, “अ‍ॅसिडिटी वो. दिवसभर अ‍ॅसिडिटी अ‍ॅसिडिटी म्हणत हुती आणि खुर्चीवर बसल्या जागी मान टाकली.” अ‍ॅसिडिटीनं माणूस मरतंय व्हय, असं तवा कुणी इचारलं न्हाय. मीबी न्हाय.

जिना चढताना तानाक्का दर चार पायऱ्यांवर थांबायची. कठड्याला धरून श्वास घ्यायची, मग पुढं. वर पोचली तवा झंपर पाठीला चिकटलेला. फोटोला ताजा हार. फोटोतली बाई हसत होती. धोंडुबाईंनी पाय धुतलं, ओटी भरली. कटाची आमटी, पुरणपोळी, खीर, भज्याचा ढीग. मुलगा राजवर्धन, प्रियाचा नवरा, दाराच्या चौकटीला टेकून हुबा. एमआयडीसीत मोठ्या कामावर हाय, खरं बायको गेल्यापासनं दाढीचं भान नसल्यागत दिसत हुता.

तानाक्कानं अर्धी पोळी खाल्ली. आणि हात थांबला. डावा हात हळूच वर गेला, कानाखाली, जबड्यावर, आणि ती तिथं चोळाय लागली. गोल गोल, डोळं मिटून.

धोंडुबाईंच्या हातातलं तुपाचं भांडं खाली पडलं.

“प्रिया,” त्या म्हणाल्या. “आरं राजा, बघ. आमची प्रिया त्या दिवशी अश्शीच गाल चोळत बसलीती. अश्शीच.”

पंखा चालू हुता तरी तानाक्काच्या कपाळावरनं घाम टपटप ताटात पडत होता. कुंकू पाघळून नाकावर आलेलं. मी पिशवी टाकून पुढं गेलो, “आक्का! आक्का, काय हुतंय?” खांद्याला हात लावला तर अंग गार, मेलेल्या कोंबडीगत. “रिक्षा बोलवा वो कुणीतरी! बाई मरायलीया!”

धोंडुबाईंनी माझा हात धरला. म्हातारीच्या हाताला काय जोर! “शिवू नको. ती आलीया. पहिल्यांदा आलीया. दिवस मावळायच्या आत औषधपाणी केलं तर माझी सून उपाशी जाईल. बोलू दे तिला.”

शेजारच्या दोघी तिघी दारात जमल्या. एकीनं हळद आणली. राजवर्धननं हात जोडलं आणि त्याच्या डोळ्यांतनं पाणी गळाय लागलं. खोटं कशाला बोलू, मलाबी कळंना झालं. ही माझी जाऊ मरायलीया, का त्यांची सून आलीया? इतक्या वर्षांच्या दुपारी माझ्यासमोर येऊन हुब्या राहिल्या. ती तुटक्या कानाची वाटी, ते ‘गप बसा गं’. सगळी माणसं एका मरणाऱ्या बाईच्या भोवती हात जोडून हुबी, आणि कुणी हलंना. रिक्षा आणायला दारात चपला घातलेली एकबी न्हाय.

धोंडुबाई पाटासमोर बसल्या. “बोल बाय. काय पायजे तुला? काय राहिलं?”

तानाक्कानं मान वर केली. सरळ राजवर्धनकडं बघिटलं. तिचा आवाज मला ठावं हाय, म्हस आवरणारा आवाज त्यो. हा न्हवता. हा मऊ, दमलेला, लाडक्या माणसाशी बोलतात तसला.

“मी जेवलो. पोट भरलं माझं. घास पोचला,” ती म्हणाली. आणि मग, “अवो, औषध नको. मला दवाखान्यात न्या. खरंच जिवाचं काय तरी हुतंय. न्या की मला.”

राजवर्धनच्या तोंडातनं जो आवाज आला त्यो माणसाचा न्हवता. ताट लाथंनं बाजूला गेलं, खीर सांडली, आणि त्यानं तानाक्काला लेकरागत उचललं. दोन जिनं त्यो पळत उतरला. मी मागं, अनवाणी. गाडीत मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर. रंकाळ्याच्या कडंनं त्यानं हॉर्नवरचा हात काढला न्हाय, आणि सारखं एकच म्हणत हुता, “नेतोय गं. नेतोय. या वेळी नेतोय.”

दवाखान्यात छातीला चिमटं लावलं आणि कागदाची पट्टी बाहेर आली. डॉक्टरनं ती बघून आम्हाला सरळ सांगितलं की पोटाचं काय न्हाय, हार्ट अटॅक हाय, सकाळपासनंचा. बायकांचं असंच असतंय म्हणाले. छातीत कळ यायच्या जागी जळजळ, जबडा दुखणं, घाम, दम. सगळ्यांना वाटतं अजीर्ण. अजून वेळ गेला असता तर उपयोग न्हवता. त्या पट्टीचं किती पडतंय म्हणून मी येड्यागत इचारलं. शे-दोनशे. आमच्या काढ्याची एक बाटली त्याहून म्हाग. एवढी वर्षं सगळं केलं आम्ही, ह्या पट्टीचं कुणाच्या डोक्यातबी आलं न्हाय, कारण दुखणं पोटाचं असं आम्हीच ठरवून बसलोतो.

तानाक्का वाचली. नळीतनं काय ते बसवलं हृदयात, सरकारी योजनेत बसलं.

राजवर्धन दवाखान्याच्या बाकावर बसून हुता, अंगावर खीर वाळलेली. मला म्हणाला, “वहिनी, त्या दिवशी ती हेच म्हणाली होती. औषध नको, मला दवाखान्यात न्या, जिवाचं काहीतरी होतंय. अगदी हेच शब्द. मी गुलाबी औषधाची बाटली तिच्या हातात दिली आणि कामावर गेलो. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. मग ह्यांना कसं कळलं?”

त्या घरात मी पहिल्यांदा गेलोतो, तानाक्काबी पहिल्यांदाच. तीन दिवस मला त्या शब्दांनी झोपू दिलं न्हाय. डोळा लागला की त्यो मऊ आवाज.

चौथ्या दिवशी तिला साध्या वॉर्डात आणलं. खिडकीतनं ऊन येत हुतं. बाजूच्या खाटंवरची बाई झोपलीती. मी मोसंबी सोलत बसलोतो, आणि राहवंना, इचारलंच.

“आक्का, खरं सांग. प्रिया आलीती?”

तिनं उशीवरची मान माझ्याकडं वळवली.

“बाकीच्या यायच्या,” ती म्हणाली. “खोटं न्हाय सांगत. त्या दिवशी मला वाटलंतं एक येऊन बसलीया, खरं कोण न्हवतं. पोटात आत हाक मारून बघिटलो, कोण म्हंजे कोण ओ देईना. मी एकटीच होतो नंदे. लई भ्या वाटलं.”

“मग ते बोललीस ते? शब्दाला शब्द तिचं होतं. त्यो राजवर्धन येडा व्हायची पाळी आलीया. तुला कुणी सांगिटलंतं?”

“तिचं कशाला असतील?” तानाक्का म्हणाली. “माझं होतं. सकाळी ह्यास्नी म्हणालो, तेच म्हणालो. ह्यांनी ओवा दिला. मी माझ्या नावानं म्हणालो तर कोण उठलं न्हाय. तिच्या नावानं म्हणालो, तर दोन जिनं उचलून न्हेलं.”

पाठीमागं काय तरी वाजलं म्हणून वळलो. भावजी दारात हुबं होतं, एका हातात चहाचा थर्मास, आणि पुढं येत न्हवतं.